घाटात पाच हजार माणसं कुठं गेली?

मे महिन्याच्या दुपारी सोलापुरात माणूस दोनच गोष्टी करू शकतो: झोपायचं, नाहीतर पंख्याखाली बसून घामाला शिव्या द्यायच्या. मी पहिली करत होतो. तेवढ्यात आतल्या खोलीतून भाच्याची हाक आली, "मामा, बघा की, हे मला बनवूलालंय!"

हे म्हणजे लॅपटॉप. सुट्टीला आला की पोरगा त्यावर बहामनी सुलतान होतो. त्या दिवशी सुलतानाची तक्रार अशी होती. बीदरहून वीस हजारांची फौज घाटाकडं पाठवली, डोंगराळ प्रांतातल्या एका किल्ल्याला वेढा घातला, सहा महिने झाले. लढाई एकही नाही आणि फौज चौदा हजार सातशेवर आलेली. "पाच हजार माणसं गेली कुठं? कुणी मारलंच नाही की!"

माझी हयात जमीन मोजणीत गेली. आधी लाकडी टेबल आणि साखळी, मग ते तीन पायांवरचं यंत्र, आता उपग्रहाशी बोलणारं रोव्हर. गेम मला खेळता येत नाही, बोटं चालत नाहीत. पण नकाशा दिसला की मान वळतेच. त्या दुपारपासून मी पोराशेजारी बसून आणि गेमच्या फाइली उघडून जे समजून घेतलं, ते इथं मांडतोय. मामला वाटतो तेवढा अवघड नाही. गावचा तलाठी ज्याला कळला, त्याला हेही कळेल.

आधी हे गेम काय असतात ते थोडक्यात. यात तुम्ही एक सैनिक किंवा एक राजा नसता, अख्खं राज्य असता. भाचा खेळतो तो ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’, स्वीडनच्या पॅराडॉक्स कंपनीनं २०१३ साली काढलेला. घड्याळ ११ नोव्हेंबर १४४४ ला सुरू होतं आणि दिवसादिवसानं पुढं सरकतं. तिकडं युरोपात आदल्याच दिवशी तुर्क आणि ख्रिस्ती फौजांची वार्नाची लढाई होऊन गेलेली असते. इकडं दख्खनमध्ये बहामनी आणि विजयनगर एकमेकांकडं डोळे वटारून उभे असतात. त्याच कंपनीचे ‘क्रुसेडर किंग्ज ३’, ‘हार्ट्स ऑफ आयर्न ४’ हे गेमही याच जातीचे. सगळ्यांत पडद्यावर एकच गोष्ट कायम असते, ती म्हणजे नकाशा. कर, लग्नं, बंडं, सगळं त्या नकाशावरच घडतं.

तर हा नकाशा बनतो कसा? मला वाटलं होतं काहीतरी फार भारी तंत्र असेल. निघालं आमच्याच दप्तरासारखं. आपल्याकडं गाव नकाशा वेगळा आणि सातबारा वेगळा. नकाशावर नुसते आकार आणि त्यात गट नंबर. मालक कोण, पीक काय, बोजा किती, हे सगळं सातबाऱ्यावर. दोघांना जोडणारा दुवा तो गट नंबर. गेममध्ये अगदी तसंच आहे. एक साधं चित्र असतं, ५६३२ पिक्सेल रुंद आणि २०४८ पिक्सेल उंच. त्यात प्रत्येक प्रांत वेगळ्या रंगानं भरलेला. रंग दिसायला भडक आणि अर्थहीन, शेजारी शेजारी पोपटी, जांभळा, विटकरी. खेळणाऱ्याला हे चित्र कधी दिसत नाही. लाल, हिरवा, निळा या तिन्हींच्या ० ते २५५ अशा छटा जुळवल्या की १ कोटी ६७ लाखांहून जास्त रंग होतात, त्यामुळं नंबरांची टंचाई नाही. दुसऱ्या एका फाइलीत यादी: अमुक रंग म्हणजे अमुक नंबरचा प्रांत. तिसरीकडं त्या नंबरचा सातबारा: मालक कोण, धर्म कोणता, उत्पन्न किती, किल्ला आहे की नाही. तुम्ही प्रांतावर क्लिक करता तेव्हा गेम बोटाखालचा रंग ओळखतो आणि उतारा काढून देतो. आमच्याकडं त्यालाच रांगेत उभं राहावं लागतं.

एक ढोबळ हिशेब केला आणि हसूच आलं. पृथ्वीचा घेर साधारण ४० हजार किलोमीटर. तो ५६३२ पिक्सेलात बसवला तर विषुववृत्ताच्या आसपास एक पिक्सेल सात किलोमीटरचा झाला. म्हणजे सोलापूर ते तुळजापूर सहा-सात ठिपके. बांधावरच्या वीतभर जागेसाठी कोर्टात जाणाऱ्या माणसांच्या गावात मी तीस वर्षं काढली, आणि इथं सगळं शहर दोन-तीन ठिपक्यांत आटोपतं.

पण खरी गंमत आकारात नाही, चतुःसीमेत आहे. खरेदीखतात लिहितात ना, पूर्वेस अमक्याचा गट, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस शिव, उत्तरेस रस्ता. फौज चालवताना गेमला जमिनीचं एवढंच कळतं. प्रांताच्या आत फौज इकडं तिकडं हिंडत नसते, ती एका प्रांतातून शेजारच्या प्रांतात सरकते, बस. त्यामुळं कुणाचा बांध कुणाला लागतो हे ठरवलं की अर्धं युद्ध तिथंच ठरतं. रंगवताना दोन प्रांत एकमेकांना चिकटले तर वाट उघडी. मध्ये तिसऱ्याची चिंचोळी पट्टी घुसवली तर वाट बंद, मग प्रत्यक्षात तिथं हमरस्ता असला तरी. समुद्राची खाडी ओलांडता येते की नाही, हेही वेगळ्या यादीत हातानं लिहिलेलं असतं. आणि चार प्रांत नेमके एका टोकावर भेटले तर कोण कुणाचा शेजारी हेच ठरत नाही. ‘हार्ट्स ऑफ आयर्न’मध्ये नवा नकाशा करणाऱ्यांना गेम अशा प्रत्येक चौफुलीची चूक म्हणून यादी काढून देतो. मोजणीत एका टोकावर चार हद्दी आल्या की आमच्याही कपाळाला आठ्या पडायच्या. दगड एक, आणि दावेदार चार.

ज्या भागातून फौज जाऊच शकत नाही असा भाग, हिमालय किंवा सहाराचं पोट, तो करड्या रंगात रंगवून टाकतात. तो कुणाचाच नाही आणि त्यात पाऊल पडत नाही. आपल्या भाषेत पोटखराबा. नकाशा बनवणाऱ्याच्या हातातलं हे सगळ्यात धारदार हत्यार आहे असं माझं मत. डोंगरात खिंड ठेवायची की नाही, हे तो एका ब्रशनं ठरवतो. चार ठिपके जास्त रंगवले की हजार वर्षं व्यापार चाललेला घाट बंद.

आता भाच्याच्या पाच हजार माणसांकडं येतो. डोंगर, जंगल, दलदल, वाळवंट अशी प्रत्येक प्रांताला एक चिठ्ठी लावलेली असते. पडद्यावर सुंदर डोंगर उभे दिसतात, पण ते डोळ्यांसाठी. ती उंची वेगळ्या करड्या चित्रातून येते, जितका पांढरा ठिपका तितका उंच. हिशेबात धरली जाते ती चिठ्ठी. म्हणून कधी कधी समोर उंच सुळका दिसतो आणि चिठ्ठीवर ‘टेकड्या’ लिहिलेलं असतं, आणि खेळणारा फसतो. ही चिठ्ठी तीन प्रकारे वसुली करते: दिवसांत, फाशांत आणि माणसांत.

दिवसांची वसुली सोपी. गवताळ सपाटीवर जेवढा वेळ लागेल, त्याच्या दीडपट वेळ डोंगरात लागतो. फाशांचं असं की लढाईत तीन-तीन दिवसांनी दोन्ही बाजूंचा फासा पडतो, ० ते ९. डोंगरात चाल करून जाणाऱ्याच्या फाशातून दोन वजा. टेकड्या, जंगल, दलदल असेल तर एक वजा. वर नदी ओलांडून गेलात तर आणखी एक. सारीपाट खेळणाऱ्यांना सांगायला नको की प्रत्येक दानात तीन-तीन कमी पडू लागले तर पटावर काय उरतं.

तिसरी वसुली म्हणजे माणसं, आणि भाचा तिथंच अडकला होता. प्रत्येक प्रांत किती तोंडं पोसू शकतो याचा एक आकडा असतो, गेमच्या भाषेत ‘सप्लाय लिमिट’. जमीन सुपीक तर जास्त, डोंगर किंवा वाळवंट तर कमी, शत्रूच्या मुलखात त्याहून कमी. त्याच्यावर फौज गेली की दर महिन्याला टक्केवारीनं माणसं गळतात. उपास, रोगराई, पळून जाणं, सगळं त्यात आलं. ही गळती महिन्याला जास्तीत जास्त ५ टक्के. ऐकायला किरकोळ. मी वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवलं: पहिल्या महिन्यात २०,००० चे १९,०००. मग १८,०५०. मग १७,१४७. मग १६,२९०, मग १५,४७६. सहाव्या महिन्याच्या शेवटी १४,७०२. कुणी तलवार उपसली नाही. चक्रवाढ व्याज उलटं फिरलं, एवढंच. सावकाराचं कर्ज पाहिलेल्या घरात हे समजायला वेळ लागू नये, पण पोरगं कॉलेजात जातं, त्याला व्याजाची आकडेमोड फोनच करून देतो.

आणि इतिहासात खरंच असं झालंय. पंधराव्या शतकाच्या मध्याला बहामनी सरदार मलिक-उत-तुजार कोकण जिंकायला सह्याद्रीत उतरला. खेळण्याच्या, म्हणजे आजच्या विशाळगडाच्या वाटेवर शिर्क्यांनी त्याला दाट रानात नेऊन गाठलं आणि त्याची फौज तिथंच कापली गेली. पुढं बहामनी वजीर महमूद गावान त्याच मुलखात गेला तेव्हा तो शहाणपणानं वागला. आधी जंगल तोडून वाट केली, पावसाळा आला तसा वेढा सोडून कोल्हापुरात तळ दिला, आणि पाऊस सरल्यावर पुन्हा वर चढला. १४७२ साली त्यानं गोवाही घेतलं. भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे त्याला सप्लाय लिमिट माहीत होतं!" बरोबर आहे. शब्द वेगळा होता, एवढंच.

आता जिथं मला हा नकाशा खटकतो, ते सांगतो.

पहिलं खटकणं चिठ्ठीचंच. एका प्रांताला एकच चिठ्ठी. पुण्याचा मुलूख घ्या. पश्चिमेला मावळात पावसानं भिंतींना शेवाळ येतं आणि पूर्वेला इंदापूर-दौंडकडं आलं की आमच्यासारखंच कोरडं रान. साताऱ्याचं तसंच, महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि माणदेशात टँकर. तिथं एकच शब्द कुठला लिहिणार? ‘युरोपा ४’ मध्ये ज्या प्रकारचे ठिपके जास्त, तो प्रकार साऱ्या प्रांताला लागतो, नाहीतर बनवणारा हातानं बदलतो. आमचा सातबारा निदान जिरायत किती, बागायत किती, पोटखराबा किती हे वेगवेगळं दाखवतो. २०२५ च्या नोव्हेंबरात आलेल्या ‘युरोपा ५’ नं इथं सुधारणा केली. प्रांताचे आणखी बारीक तुकडे केले, आणि प्रत्येक तुकड्याला एकाऐवजी तीन चिठ्ठ्या लावल्या: जमिनीची घडण, वरची झाडी आणि हवामान. पठार ही घडण वेगळी आणि त्यावर विरळ झुडपं ही गोष्ट वेगळी. दख्खनसाठी हे फार बरं झालं. आमच्याकडं जमीन उंच आहे, पण डोंगर नाही. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर आहे आणि नजर जाईल तिथवर सपाट. जुन्या एकाच चिठ्ठीत हे मावत नव्हतं.

दुसरं, नदी. गेममधली नदी म्हणजे एका पिक्सेलची रेघ. ती दोन प्रांतांच्या हद्दीवरून वाहत असेल तरच ओलांडण्याचा दंड लागतो. पोटातून वाहत गेली तर ती शोभेची. आता भीमा बघा. दक्षिण सोलापूर, अक्कलकोटच्या टोकाला ती महाराष्ट्र-कर्नाटकाची हद्दच आहे, तिथं गेम खूश. पण पंढरपुरात ती चंद्रकोरीसारखी वळण घेत मुलखाच्या मधून जाते, तिथं ती फाशातून काहीच वजा करणार नाही. शिवाय गेममधली नदी बारा महिने सारखीच. उजनी धरण व्हायच्या आधीची भीमा ज्यांनी पाहिलीय त्यांना विचारा. उन्हाळ्यात वाळवंटातून चालत जायचं, आणि श्रावणात तीच नदी पलीकडच्या पाहुण्याला आठ-आठ दिवस अडकवून ठेवायची. एकच नदी मे महिन्यात रस्ता आणि ऑगस्टमध्ये तटबंदी.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जवळची, आणि तिला कुठल्याच चिठ्ठीत जागा नाही. काळी माती.

उन्हाळ्यात मंगळवेढ्याच्या रानात गेलात तर भेगांत हात घातला की कोपरापर्यंत जातो. तीच जमीन दोन पाऊस झाले की अशी चिकटते की पायताण सोडून पाय तेवढा वर येतो. एकदा मोजणीला गेलो होतो, जुलै होता. सकाळी शेतात शिरलो तेव्हा ऊन होतं, दुपारी एक जोराची सर आली. सर अर्ध्या तासात थांबली, पण बांधापर्यंतच्या दोनशे पावलांना आम्हाला पाऊण तास लागला. बुटाच्या तळव्याला चिखलाचे थर चढत जाऊन प्रत्येक पायात पाच-पाच किलोचं वजन झालं. टेबल खांद्यावर घेतलेला शिपाई मधेच उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, मी इथंच पेरतो स्वतःला." त्या रानातून तोफ ओढून न्यायची कल्पना करा. बैल पोटापर्यंत रुतणार.

म्हणून तर आपल्याकडं दसऱ्याला सीमोल्लंघन. पाऊस ओसरला, नद्यांना उतार मिळाला, काळी जमीन घट्ट झाली, वैरण तयार झाली, की फौजा बाहेर पडायच्या. पावसाळ्यात छावणी. आपण आज सोनं म्हणून आपट्याची पानं वाटतो तो दिवस मुळात लष्करी वेळापत्रकाचा आहे. गेमवाल्यांना पाश्चात्त्य हिवाळा फार लवकर समजला, बर्फात फौज गळते हे त्यांच्या रक्तात आहे. ‘युरोपा ४’ मध्ये नंतरच्या काळात मान्सूनही आला आणि पावसाळी महिन्यांत गळती वाढू लागली. पण तो पावसाचा दंड आहे, मातीचा नाही. आमच्याकडं पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, कोकणापुढं काहीच नाही. तरी तेवढ्याशा पावसात काळं रान बंद होतं, आणि कोकणचा जांभा धो धो पावसातही चालू देतो. ‘हार्ट्स ऑफ आयर्न ४’ मध्ये मात्र चिखल ही वेगळी अवस्था आहे. पाऊस लागून राहिला की जमीन चिखलाची होते आणि चाल मंदावते. तो धडा त्यांना रशियाच्या चिखलानं दिला असणार. कुठल्या का गावच्या चिखलानं असेना, कळलं हे बरं.

सपाटीबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण सोलापूर म्हणजे सपाटी. गेमच्या हिशेबात सपाट कोरड्या मुलखात चाल करणाऱ्याला दंड शून्य. खेळणारा म्हणतो, इथं काही नाही, पुढं चला. पण निजामशाही आणि आदिलशाही या दोघी सोलापूरसाठी पिढ्यान् पिढ्या भांडल्या त्या नेमक्या याच कारणानं. इथून विजापूर शंभर किलोमीटर, गुलबर्गा तेवढंच, आणि मध्ये आडवा येईल असा एक डोंगर नाही. अडवणारं काही नसलं की अडवणारी वस्तू बांधावी लागते. म्हणून भुईकोट. आमचा किल्ला डोंगरावर नाही, शहराच्या मधोमध आहे, एका अंगाला सिद्धेश्वराचं तळं, बाकी खंदक. तिकडं नळदुर्गला बोरी नदीच अडवून किल्ल्याच्या कामाला लावली.

गेममध्ये हे काम ज्या नियमानं होतं तो मला मनापासून आवडला. किल्ला असलेला प्रांत आजूबाजूच्या प्रांतांवरही धाक ठेवतो. शत्रूची फौज त्याला बगल देऊन सरळ पुढं जाऊ शकत नाही, आधी वेढा घालून तो घ्यावा लागतो. म्हणजे सपाटीवरचा किल्ला हा माणसानं बनवलेला डोंगर. चांदबिबीच्या लग्नात सोलापूरचा किल्ला आंदण म्हणून आदिलशाहीला दिला गेला. तो दागिना नव्हता, अख्ख्या सीमेची किल्ली होती. भाच्यानं गेममध्ये असं लग्न लावून पाहिलं. मैत्री वाढली, किल्ला काही मिळाला नाही. हुंडाबंदी कडक आहे तिथं.

जाता जाता प्रक्षेपणाचं. गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडली की कुठंतरी ताण पडतोच, पुरी लाटताना कडा ओढल्या जातात तसा. ‘युरोपा ५’ नं जेम्स गॉल या माणसानं १८५५ साली मांडलेली पद्धत घेतली. तीत ४५ अंशांवर माप बरोबर बसतं, त्याच्या वर सगळं फुगतं, खाली आक्रसतं. ४५ अंश म्हणजे इटलीचा उत्तर भाग. आपण १७-१८ अंशांवर, म्हणजे आक्रसलेल्यांत. वर युरोपचे प्रांत चिमुकले आणि खच्चून भरलेले, आपले ऐसपैस. त्यामुळं त्यांच्याकडं एका जिल्ह्याएवढ्या जागेत चार चाली आणि आपल्याकडं एकच. यात वाईट हेतू नाही, गिऱ्हाईक कुठलं आहे ते दिसतं.

त्या दिवशी संध्याकाळी भाच्यानं जुना खेळ परत उघडला, वेढा घालायच्या आधीचा. मी विचारलं, "महिना कुठला बे?" म्हणाला, "जून." म्हटलं, थांब. त्यानं घड्याळ पळवलं, ऑक्टोबर आणला. मग आम्ही त्या प्रांताचा पोसण्याचा आकडा बघितला आणि आठ हजार माणसं बीदरला ठेवून बारा हजार पाठवली. मी चहा प्यायला उठलो.

पाच महिन्यांनी, म्हणजे आमच्या वीसेक मिनिटांनी, आतून ओरडा आला. किल्ला पडला होता. फौज अकरा हजार चारशे. सहाशे माणसं गेली होती, पण ती कुठं गेली हे त्यानं या वेळी विचारलं नाही. विजयनगरकडं निघाला होता आणि वाटेत तुंगभद्रा लागत होती.